पन्नासपैकी सत्तावीस

घरी बनवलेल्या स्ट्राँग बिअरला मार्क देणं बंद व्हायला हवं, असं माझं म्हणणं आहे. निकष सुधारा, परीक्षक वाढवा, अर्धे मार्क द्यायची सोय करा, असलं काही मी मागत नाही. कागदाच्या तळाशी जो बेरजेचा रकाना असतो तो काढून टाका, एवढंच. हे म्हणणारा माणूस इंजिनिअर आहे, आकड्यांवर पोट भरतो आणि घरात तीन थर्मामीटर आणि दोन हायड्रोमीटर बाळगून आहे, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर ‘चव ही अनुभवायची गोष्ट, ती कसली मोजता?’ म्हणणाऱ्या हळव्या गोटात माझी रवानगी व्हायची. त्या गोटाशी माझं वेगळं भांडण आहे, त्याकडे नंतर येतो.

आधी ‘स्ट्राँग’ या शब्दाचा घोळ निस्तरायला हवा. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला स्ट्राँग बिअर म्हटलं की काउंटरवरचा प्रश्न आठवतो: माइल्ड की स्ट्राँग? आपल्याकडच्या खाद्यसुरक्षा मानकांप्रमाणे पाच टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असेल ती माइल्ड, पाचच्या वर आठपर्यंत ती स्ट्राँग. या बिअरची पारख करायची कसोटी एकच. किक. किती रुपयांत किती लवकर चढली, एवढंच बघायचं. ती दात ठणकतील इतकी गार प्यायची असते, कारण कोमट झाली की ती काय आहे ते कळायला लागतं. या कसोटीत लबाडी नाही, हे मी मान्य करतो. पिणाऱ्याला काय हवंय ते त्याला माहीत आहे आणि तो तेच मोजतोय.

मी ज्या स्ट्राँग बिअरबद्दल बोलतोय ती वेगळी जात आहे. बार्लीवाइन, इम्पीरियल स्टाउट, बेल्जियन मठांच्या परंपरेतली गडद एल. अल्कोहोल साधारण आठ ते बारा टक्के. बार्लीवाइन या नावात वाइन असली तरी द्राक्षाचा संबंध नाही, सगळा कारभार सातूच्या माल्टचा. नाव इंग्लंडचं. अमेरिकेत ती रुजली अँकरच्या ‘ओल्ड फॉगहॉर्न’पासून (१९७५) आणि सिएरा नेवाडाच्या ‘बिगफूट’पासून (१९८३). मी राहतो त्या ओरेगॉनात पावसाळी हिवाळा सहा महिने चालतो आणि त्यात ही बिअर लोक शेकोटीसारखी वापरतात: छोट्या ग्लासात, हळूहळू, तासभर एकच. बाटली भरल्यावर ती वर्ष-दोन वर्षं ठेवली तरी चालते. बहुतेक वेळा ठेवायलाच हवी.

इथे घरी बिअर बनवणं हा चोरटा धंदा नाही. जिमी कार्टरने १९७८ साली सही केलेल्या कायद्याने एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, आणि दोन किंवा जास्त प्रौढ असलेल्या घराला २०० गॅलन, करमुक्त बनवायची मुभा दिली. (१०० गॅलन म्हणजे सुमारे ३७८ लिटर. एवढी बार्लीवाइन पिणाऱ्याने पत्र पाठवावं, मला भेटायला आवडेल.) मुभा आली, मागून क्लब आले, क्लबांमागून स्पर्धा आणि स्पर्धांमागून परीक्षक. १९८५ साली बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्राम निघाला आणि त्याची गुणपत्रिका आता देशोदेशी चालते. पन्नास गुण: वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडातल्या पोताला ५, एकंदर मताला १०. पंचेचाळीसच्या वर असामान्य, अडतीसच्या वर उत्कृष्ट, तीसच्या वर फार चांगली, एकवीस ते एकोणतीस नुसती चांगली. ज्याने दहावीची गुणपत्रिका हातात घेतली आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. सातासमुद्रापार येऊन पुन्हा फर्स्ट क्लास आणि सेकंड क्लास.

आता एका बाटलीची गोष्ट. ऑफिसातला माझा एक मित्र, मूळचा सांगलीकडचा, दिवसा डेटाबेस सांभाळतो. त्याने दोन वर्षांपूर्वी बार्लीवाइन बनवली. उकळताना शेवटच्या दहा मिनिटांत साखरेऐवजी घरून आलेली काकवी घातली. सुरुवातीची ग्रॅव्हिटी १.१०४, शेवटची १.०२६, म्हणजे अल्कोहोल दहा टक्क्यांच्या किंचित वर. सहाव्या महिन्यात ती त्याने एका स्थानिक स्पर्धेत अमेरिकन बार्लीवाइन या वर्गात पाठवली. दोन परीक्षक. एकाने २६ दिले, दुसऱ्याने २८. कागदावर सत्तावीस.

शेरे वाचण्यासारखे होते. पहिला म्हणतो, लवंगेसारखा फिनॉलिक वास येतो, किण्वन गरम झालं असावं. दुसरा म्हणतो, किण्वन स्वच्छ, दोष नाही. पहिल्याला ती फार गोड लागली, दुसऱ्याला शेवट कोरडा आणि गरम लागला. दोघांचं एकमत एकाच गोष्टीवर: हॉप्स या वर्गाच्या मानाने कमी. म्हणजे दोन माणसांनी एकाच बाटलीतून दोन वेगळ्या बिअर प्यायल्या आणि आकडा मात्र दोन मार्कांच्या फरकाने तोच आला. योगायोग असेल. पण पद्धतच अशी आहे की दोन परीक्षकांच्या गुणांत फार अंतर पडलं तर त्यांनी बोलून ते कमी करायचं असतं. शेरे जुळायची सक्ती नाही, आकडे जुळायची आहे! माझ्या धंद्यात दोन सेन्सर एकाच खोलीत ‘आग लागली’ आणि ‘बर्फ पडतोय’ असं सांगत असतील आणि आपण दोन्हींची सरासरी काढून ‘हवामान सुखद’ असं छापलं, तर नोकरी जाते.

परीक्षकांवर माझा राग नाही. हौसेने, फुकट, शनिवार घालवून ही माणसं बसतात. दोघांच्या नाकांत फरक असणं अगदी स्वाभाविक आहे. डायॲसिटिल नावाचं रसायन घ्या. यीस्ट नीट काम उरकायच्या आत बिअर थंड केली की ते मागे राहतं आणि सिनेमागृहातल्या पॉपकॉर्नच्या लोण्यासारखा वास येतो. काहींना तो लिटरमागे मिलिग्रॅमच्या दहाव्या हिश्शालाही जाणवतो, काहींना त्याच्या कित्येक पट असला तरी पत्ता लागत नाही. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक असतात. प्रश्न असा की या दोन वेगवेगळ्या यंत्रांच्या नोंदी एकाच पट्टीवर बसवायचा अधिकार त्या बेरजेला कुणी दिला?

गंमत अशी की लहान नमुन्यावरून किती कमी कळतं, हे जगाला शिकवणारा माणूस बिअरच्याच कारखान्यात होता. विल्यम गॉसेट डब्लिनच्या गिनेसमध्ये कामाला होता. सातू, हॉप्स, माल्ट यांचे प्रयोग मोजकेच करता यायचे आणि हाती चार-सहा आकडे यायचे. त्यांवर कितपत विसंबावं, हे ठरवायला त्याने जे गणित मांडलं ते १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावाने छापून आलं. इंजिनिअरिंगला आपण टी-टेस्ट म्हणून पाठ करून पेपरात लिहिली ती हीच. आज त्याच बिअरच्या जगात आपण दोन जिभा, एक बाटली आणि दहा-पंधरा मिनिटं एवढ्या सामग्रीवर पन्नासातला आकडा काढतो.

वाइनवाल्यांकडे तर याची तपासणीही झाली आहे. रॉबर्ट हॉजसन या स्वतः वाइन बनवणाऱ्या प्राध्यापकाने कॅलिफोर्निया स्टेट फेअरच्या स्पर्धेत एकाच बाटलीतली वाइन परीक्षकांना न सांगता तीनदा चाखायला दिली. २००८ साली निष्कर्ष छापले. तिन्ही वेळा तीच वाइन त्याच पदकाच्या पायरीवर ठेवणं दहातल्या जेमतेम एका परीक्षकाला जमलं. बिअरचे परीक्षक याहून चांगले निघतील, असा दावा कुणाला करायचा असेल तर त्याने तोच प्रयोग करून दाखवावा. बाटल्या मी पुरवतो.

यावर उत्तर येतं की साधी लागर असो की बार्लीवाइन, हा दोष सगळ्यांना सारखाच लागू आहे. नाही. स्ट्राँग बिअरला तो सगळ्यात जास्त नडतो. लागर ही एक स्थिती आहे. ताजी, थंड, आत्ता. तिचा एक फोटो काढला तर फारसं काही निसटत नाही. बार्लीवाइन ग्लासात बदलत राहते. मित्राची तीच बॅच, दीड वर्षाची असताना, आम्ही त्याच्या स्वयंपाकघरात बसून प्यायली आणि मी टिपणं काढली. फ्रीजमधून काढल्यावर आठ अंशांना वास जवळपास शून्य. जिभेवर गोडवा, मागे कडवटपणा, मध्ये काही नाही. एखादा म्हणेल, पोकळ आहे. अकरा अंशांना काकवी वर आली. नुसती गोड नव्हे. गुऱ्हाळाच्या कढईच्या कडेला जी साय लागून करपते तिचा वास. चौदा अंशांना खजूर, मनुका, आणि डिंकाच्या लाडवातल्या तळलेल्या डिंकासारखं काहीतरी. अठराला अल्कोहोल नाकात शिरायला लागला आणि बाकीचं मागे हटलं. पन्नास मिनिटांत चार बिअर. यातल्या कुठल्या बिअरला मार्क द्यायचे? स्पर्धेच्या टेबलावर साठ-नव्वद मिलिलिटरचा घोट येतो, मागे आणखी सहा-आठ ग्लास रांगेत उभे असतात, आणि त्या दिवशी ती बाटली ज्या तापमानाला असेल तीच तिची ओळख ठरते. दहा टक्क्यांची पाचवी बिअर चाखणाऱ्या परीक्षकाच्या जिभेची अवस्था काय असते, हे मी सभ्यपणे सोडून देतो.

आणि हे झालं फक्त एका संध्याकाळीचं. महिन्यांचा हिशेब निराळाच. हॉप्सचा कडवटपणा काळागणिक उतरतो. तरुणपणी घशात जळजळ करणारा अल्कोहोल जिभेला कमी बोचू लागतो. आत राहिलेला ऑक्सिजन हळूहळू काम करतो. तो कधी शेरीसारखा, सुक्या मेव्यासारखा वास देतो, तर कधी भिजलेल्या पुठ्ठ्याचा. कुठला मिळणार, हे काही अंशी नशीब आणि बरंचसं बाटली भरताना घेतलेली काळजी. सहा महिन्यांची बार्लीवाइन तपासून तिला अंतिम गुण देणं म्हणजे लोणचं घातल्या दिवशी बरणी उघडून ‘फोडी कच्च्या आहेत’ म्हणून नापास करणं. फोडी कच्च्या आहेत हे खरंच आहे. आज घातलंय ना.

आता हळव्या गोटाकडे येतो. हे लोक म्हणतात, मग स्पर्धाच कशाला, मित्रांना पाजा, आनंद घ्या. मित्रांना पाजून काय कळतं ते मला चांगलं ठाऊक आहे. ‘मस्त आहे यार.’ ‘बाहेर विकशील तर चालेल.’ फुकटात मिळालेल्या दहा टक्के बिअरबद्दल वाईट बोलणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. तिसऱ्या ग्लासानंतर तर प्रत्येक बॅच थोर असते. आपल्या मराठी समारंभांत पुस्तकांची जी प्रकाशनं होतात, तोच हा प्रकार. फक्त शाल आणि श्रीफळ नाही. बनवणाऱ्याने सहा महिने खपून, पिंप निर्जंतुक करकरून, तापमान राखून जे केलं त्याला ‘मस्त’ म्हणून मोकळं होणं हा त्याचा अपमान आहे. त्यापेक्षा सत्तावीस बरे, निदान कुणीतरी लक्ष देऊन प्यायलं.

म्हणून गुणपत्रिकेतल्या दोन गोष्टी मला प्राणपणाने जपायच्या आहेत. बिअर कुणाची आहे हे परीक्षकाला माहीत नसणं ही पहिली. आणि त्याने स्वतःच्या शब्दांत लिहून देणं ही दुसरी. नवशिक्याला उपयोग होतो तो याच दोहोंचा. ‘हिरव्या सफरचंदाचा वास येतो, यीस्टला आणखी वेळ द्या’ या एका ओळीवर माणूस पुढची बॅच सुधारू शकतो. एकतीस या आकड्यावर काय सुधारणार? पण आकडा एकदा कागदावर पडला की शेरे कुणी वाचत नाही. माझ्या मित्राने घरी पाठवलेल्या व्हॉट्सॲप मेसेजमध्ये फक्त ‘५० पैकी २७’ होतं. वडिलांचं उत्तर आलं: ‘५४ टक्के. ठीक.’

शब्दांचा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मॉर्टेन माइलगार्डने १९७० च्या दशकात बिअरच्या चवींचं चक्र तयार केलं, ते मी भिंतीवर लावलंय. कारखान्यांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून ते फारच उपयोगी आहे. पण स्पर्धेच्या टेबलावर शब्दांचा हा साठा हळूहळू टॉफी, फ्रूटकेक, शेरी, चामडं एवढ्यावर येऊन थांबतो. मी फ्रूटकेक पहिल्यांदा खाल्ला तो पंचविसाव्या वर्षी. डिंकाचा लाडू चौथ्या वर्षी खाल्ला असेन. दोन्हींच्या मागे तूप, साखर, सुका मेवा आणि भाजण्याची प्रक्रिया आहे. मग मी ज्याची आठवण नाकात बावीस-तेवीस वर्षं मुरली आहे तो शब्द सोडून पुस्तकातून उचललेला शब्द का लिहू? मराठीत वास आणि चवीचे भेद करणारे शब्द काय कमी आहेत? खमंग, खरपूस, करपट, खवट, कुबट, उग्र, तुरट, आंबूस, मचूळ. खरपूस आणि करपट यांच्यामधली रेषा ही गडद माल्टची बिअर जमली की फसली याची रेषा आहे. मित्राच्या बार्लीवाइनबद्दल मी लिहिलं होतं, ‘खरपूस, पण करपटच्या उंबरठ्यावर.’ त्याला ते लगेच कळलं. पुढच्या वेळी काकवी उकळीच्या शेवटी नव्हे, आच बंद केल्यावर घालायची त्याने ठरवली. या वाक्याचं पन्नासात रूपांतर करून दाखवा.

आकड्याचा आणखी एक उपद्रव आहे आणि तो क्लबात दोन वर्षं काढल्यावर डोळ्यांवर येतो. सगळ्यांच्या बिअर सारख्या व्हायला लागतात. शैलींचं मार्गदर्शक पुस्तक मुळात वर्णन म्हणून लिहिलं गेलं असेल. स्पर्धेत त्याचा अभ्यासक्रम होतो. इंग्लिश बार्लीवाइनची कडवटपणाची मर्यादा ३५ ते ७० आयबीयू, सुरुवातीची ग्रॅव्हिटी १.०८० ते १.१२०, हे पाठ असलेला माणूस त्या चौकटीच्या बरोबर मध्यभागी बिअर बनवतो, कारण मार्क तिथे आहेत. आम्ही ‘मोस्ट आयएमपी’ प्रश्नांच्या जोरावर इंजिनिअर झालेली पिढी आहोत, आम्हाला हे तंत्र कुणी शिकवायला नको. काकवी अभ्यासक्रमाबाहेरची आहे, तर तिने ‘प्रायोगिक’सारख्या एखाद्या वेगळ्या वर्गात जाऊन बसायचं. सांगलीकडच्या माणसाच्या घरात काकवी हा प्रयोग नाही. ती भाकरीबरोबर खातात.

ज्यांच्याकडे ही बिअर शतकानुशतकं घरीच बनते ते काय करतात, हे बघायला हरकत नाही. नॉर्वेतल्या शेतकऱ्यांच्या घरगुती बिअरवर लार्स मारियस गारशोल याने मोठं काम केलंय. हा माणूस मूळचा सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला त्याच्याबद्दल जातभाईचं प्रेम आहे. त्याने वर्णन केलेली एक रीत अशी: किण्वन उरकलं की बिअर पिंपात भरायच्या दिवशी शेजारीपाजारी चाखायला जमतात. या प्रसंगाला ‘ओप्स्कोके’ म्हणतात. बिअर साधी नसते, चांगली जोरकस असते. आणि हे शेजारी आमच्या मित्रमंडळींसारखे फुकटे कौतुककार नसतात, कारण त्यांच्याही घरी बिअर बनते आणि पुढच्या खेपेला सगळे त्यांच्याकडे जाणार असतात. तिथे पट्टी पन्नासाची नाही, तरी बिअर बरी की वाईट हे सगळ्या आळीला ठाऊक असतं.

तर मग करायचं काय? निदान स्ट्राँग बिअरच्या वर्गांपुरतं तरी एवढं करता येईल. एका ग्लासासाठी चाळीस मिनिटं. एका परीक्षकाला दिवसभरात तीनच बिअर. चाखताना तापमान लिहायचं, थंड असताना एकदा, गरम होत गेल्यावर दोनदा. बाटली कधी भरली ती तारीख परीक्षकाला सांगायची. नाव लपवायचं, वय लपवायचं काहीच कारण नाही. दुसरी बाटली क्लबाने ठेवून घ्यायची आणि वर्षाने शक्यतो त्याच माणसांना पाजायची. शेवटी एक साधा प्रश्न: हा ग्लास तुम्ही संपवलात का? संपवला नसेल तर का? पदकं द्यायचीच असतील तर द्या, परीक्षकांनी भांडून ठरवावं कुणाला द्यायचं. साहित्य संमेलनाचा अध्यक्षही पन्नासपैकी मार्कांवर निवडत नाहीत.

आकड्यांची हौस ज्यांना आहे, म्हणजे माझ्यासारख्यांना, त्यांच्यासाठी त्रिकोणी चाचणी आहे. तीन ग्लास, दोनांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी. वेगळा कुठला ते ओळखा. ही पद्धत १९४० च्या दशकात कार्ल्सबर्गच्या माणसांनी चाखणाऱ्यांची मंडळं निवडताना वापरली. निव्वळ अंदाजाने तिघांत एक बरोबर येणारच. बारा जणांपैकी किमान आठांनी बरोबर ओळखलं, तरच काही फरक आहे असं म्हणता येतं. सात आले तर गप्प बसायचं. काकवी उकळीत घालण्याने आणि नंतर घालण्याने खरंच फरक पडतो का, हे ही चाचणी सांगू शकते. यातली कुठली बिअर किती थोर हे ती सांगत नाही, आणि तसा आवही आणत नाही. असा आकडा मला चालतो.

हे सगळं लिहून मी आमच्या क्लबाच्या स्पर्धा-समितीला दिलं. चर्चा चांगली झाली, दोघा-तिघांनी माना डोलावल्या. शेवटी अध्यक्षीणबाईंनी अडचण सांगितली, की स्पर्धेच्या संगणकप्रणालीत एकूण गुणांचं खानं रिकामं ठेवता येत नाही, नोंद पुढेच सरकत नाही. कोड मी पाहिलाय. तो व्हॅलिडेशन काढायला एक संध्याकाळ पुरेल, पुढच्या मंगळवारी मी मोकळा आहे.